नागपूरच्या हवेत ॲक्रिलिक रंग ब्रशने लावताना: रेषा, डाग आणि उखडणारे थर

प्लास्टिकची स्केल मॉडेल्स, म्हणजे विमाने-रणगाड्यांच्या प्रमाणबद्ध छोट्या प्रतिकृती, एअरब्रशशिवाय (रंग फवारणाऱ्या साधनाशिवाय), हाताने रंगवणाऱ्यांची एक तक्रार वर्षानुवर्षे तशीच राहिली आहे. रंग बाटलीतून थेट घेतला तर ब्रशच्या रेषा उठतात. त्यात पाणी घातले तर तो पॅनल लाइनमध्ये, म्हणजे पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या बारीक खाचांमध्ये, साचतो आणि मधला भाग उघडा पडतो. दुसरा थर द्यायला जावे तर पहिलाच थर ब्रशबरोबर निघून येतो. परदेशी व्हिडिओंमध्ये सांगितलेले प्रमाण जसेच्या तसे पाळूनही हे घडते. डिसेंबरात ज्या प्रमाणाने विमानाचा पंख एकसारखा रंगला, तेच प्रमाण मे महिन्यात पूर्णपणे फसते, आणि मग रंग जुना झाला, बाटली खराब निघाली किंवा आपला हातच चांगला नाही, असे निष्कर्ष काढले जातात. हे तिन्ही निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचे असतात.

या साऱ्याच्या मुळाशी माझ्या मते एकच गैरसमज आहे. रंग पातळ करणे म्हणजे त्याचा घट्टपणा कमी करणे, असे आपण धरून चालतो आणि म्हणून प्रत्येक दोषावर पाण्याचा आणखी एक थेंब हाच उपाय करतो. प्रत्यक्षात ब्रशने लावलेल्या रंगाला तीन गोष्टी लागतात: पृष्ठभागावर नीट पसरणे, पसरल्यावर सपाट होण्यापुरता वेळ ओले राहणे आणि वाळल्यावर रंगद्रव्याला घट्ट धरून ठेवील एवढा बाइंडर शिल्लक असणे. नुसते पाणी पहिल्या दोन गोष्टींना थोडीच मदत करते आणि तिसरीचे नुकसान करते. नागपूरच्या उन्हाळ्यात तर वेळ हीच सर्वांत दुर्मीळ गोष्ट असते आणि बहुतेक दोष तिथूनच सुरू होतात.

थर वाळताना काय घडते

वालेहो मॉडेल कलर, सिटाडेल किंवा एके थर्ड जनरेशन यांसारख्या पाण्यावर आधारलेल्या रंगांत ॲक्रिलिक रेझिनचे (हाच बाइंडर) अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असतात आणि त्यांच्यासोबत रंगद्रव्य असते. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांना भिडतात, एकजीव होतात आणि त्यांची सलग फिल्म तयार होते. ती एकदा पक्की झाली की पाण्याने पुन्हा विरघळत नाही. अडचण येते ती मधल्या अवस्थेत. पाणी बरेचसे गेलेले असते, पण फिल्म अजून पक्की झालेली नसते. त्या काळात रंग चिवट होतो, आणि त्यावरून ब्रश पुन्हा फिरला की तो ओढला जाऊन रेषा पडतात किंवा त्याचा तुकडाच निघून येतो. जानेवारीच्या सकाळी ही अवस्था यायला पुरेसा अवकाश असतो. मे महिन्याच्या दुपारी, चालू पंख्याखाली, ती काही सेकंदांतच येते.

रेषा आपोआप सपाट होणे ही क्रिया थोडी समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यातून काही अनपेक्षित उत्तरे मिळतात. ब्रशच्या केसांनी मागे सोडलेल्या बारीक उंचवट्यांना पृष्ठताण खाली ओढत असतो आणि रंगाचा घट्टपणा त्याला विरोध करत असतो, हे सहज लक्षात येते. मात्र ओल्या थराची जाडी आणि उंचवट्यांमधील अंतर यांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा आहे. रंगलेपांच्या शास्त्रात यासाठी जो हिशेब मांडतात त्यानुसार, बाकी सारे तेच ठेवून ओल्या थराची जाडी निम्मी केली तर रेषा सपाट व्हायला आठपट वेळ लागतो; उलट, उंचवट्यांमधील अंतर निम्मे केले तर लागणारा वेळ सोळा पटींनी घटतो.

याचे दोन अर्थ निघतात. पहिला असा की ‘अगदी पातळ थर द्या’ हा सर्वत्र ऐकू येणारा सल्ला अर्धवट समजला तर घातक ठरतो. रंग पातळ असावा, परंतु ब्रशमध्ये तो भरपूर असावा आणि पृष्ठभागावर ओला, सलग थर पडावा. टिश्यूवर पुसून जवळजवळ कोरडा झालेला ब्रश प्लास्टिकवर घासत नेला, तर रंग कितीही पातळ असला तरी त्या रेषा सपाट होण्याआधीच वाळतील. दुसरा अर्थ ब्रशविषयी आहे. मऊ, बारीक केसांचा सिंथेटिक किंवा सेबल ब्रश जवळजवळच्या आणि म्हणून लवकर मिटणाऱ्या रेषा सोडतो, तर चित्रकलेच्या सामानात मिळणारा राठ केसांचा ब्रश दूरदूरच्या आणि हट्टी रेषा सोडतो. पैसे वाचवायचेच असतील तर रंगाच्या बाटल्या कमी घ्याव्यात, ब्रशवर काटकसर करू नये.

एका पट्ट्याची चाचणी

प्रमाण ठरवण्यासाठी ‘दुधासारखा पातळ’ ही उपमा सर्रास दिली जाते. ती निरुपयोगी नाही, पण ती पॅलेटवरचा रंग कसा दिसतो एवढेच सांगते. प्लास्टिकवर तो कसा वागेल ते सांगत नाही. त्याऐवजी किटमधला एखादा न लागणारा भाग, किंवा जुन्या फसलेल्या मॉडेलचा पंख, मूळ कामावर वापरलेल्याच प्रायमरने, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पायाथराने, रंगवून कायम हाताशी ठेवावा. प्रत्येक वेळी रंग तयार केला की त्यावर साधारण तीन सेंटिमीटर लांबीचा एकच पट्टा ओढावा, त्याला पुन्हा हात लावू नये आणि मिनिटभर तिरप्या उजेडात त्याच्याकडे पाहत राहावे.

पट्ट्याची ओली चमक लगेच विरून रेषा जशाच्या तशा राहिल्या, तर रंगाला वेळ कमी पडतो आहे. चमक बराच वेळ टिकूनही रेषा राहिल्या, तर रंग खरोखरच घट्ट आहे. पट्टा कडेने आक्रसला, त्यात उघड्या जागा पडल्या किंवा त्याचे थेंब झाले, तर रंग पृष्ठभागाला धरत नाही आहे. कडेला गडद किनार आणि मध्ये फिका भाग दिसला, तर पाणी जास्त झाले आहे. या चार दोषांना चार वेगळे उपाय आहेत, आणि पाण्याचा आणखी एक थेंब हा त्यांपैकी फक्त एकाच दोषावरचा उपाय आहे. तोही, म्हणजे खरा घट्टपणा, सर्वांत कमी वेळा आढळतो. त्यामुळे बाटलीकडे हात नेण्यापूर्वी हा मिनिटभर थांबण्याचा नियम पाळावा, असे मी आग्रहाने सांगेन.

रेषा राहतात आणि चमक लगेच जाते

नागपुरात मार्चच्या अखेरीपासून मोसमी पाऊस येईपर्यंत हाच दोष मुख्य असतो. पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, दुपारची हवा अतिशय कोरडी असते आणि आपण पंखा पूर्ण वेगाने लावून बसलेलो असतो. यांपैकी पंखा हा सर्वांत मोठा दोषी आहे आणि त्याचा उपाय फुकटात होतो. पाणी उडण्याचा वेग हवेच्या तापमानावर आणि कोरडेपणावर जसा अवलंबून असतो तसाच पृष्ठभागावरून वाहणाऱ्या हवेवरही असतो. पंखा बंद करून केवळ दहा मिनिटांचा एक थर द्यायचा आणि मग पंखा लावायचा, ही सवय लावून घेतली तर निम्मी तक्रार तिथेच मिटते.

कूलरबाबत मात्र सरसकट मनाई करू नये. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्या लावलेला आपला कूलर खोलीतील हवा थंडही करतो आणि दमटही करतो, आणि या दोन्ही गोष्टी ब्रशने रंगवणाऱ्याच्या सोयीच्या आहेत. तोटा फक्त त्याच्या झोताचा असतो. म्हणून कूलर तासभर आधी चालू ठेवून खोली निववावी, रंगवताना झोत दुसरीकडे वळवावा किंवा फक्त पाण्याची मोटर चालू ठेवून त्याचा पंखा बंद करावा. वातानुकूलित खोलीत याच्या उलट होते: एसी हवेतील ओलावा काढून टाकतो, त्यामुळे खोली थंड असूनही रंग अपेक्षेपेक्षा लवकर वाळतो. धरमपेठेतील एसी असलेल्या फ्लॅटमध्ये आणि महालातील जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात एकाच बाटलीतील रंग वेगळा वागतो, तो यामुळेच.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही, ती म्हणजे मॉडेलचे स्वतःचे तापमान. स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरील खोली रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते, आणि त्या खोलीतील कपाटात ठेवलेले प्लास्टिक व रंगाची बाटलीही तापलेली असते. गरम रंग पातळ भासतो, त्यामुळे आपण थिनर कमी घालतो. गरम प्लास्टिकवर तोच रंग खालूनही तापून झटकन वाळतो. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत रंगवायचेच असेल तर पहाटे ते सकाळी आठपर्यंतची वेळ सर्वांत चांगली, आणि आदल्या रात्री मॉडेल व बाटल्या घरातल्या सर्वांत थंड, खालच्या जागी ठेवाव्यात.

एवढे करून मग रंगात काय घालायचे याकडे वळावे. वालेहोच्या धर्तीच्या रंगांसाठी माझी सुरुवात दोन थेंब रंग आणि एक थेंब मिश्रण अशी असते, आणि हे मिश्रण अर्धे पाणी व अर्धे त्याच कंपनीचे थिनर मीडियम किंवा ग्लेझ मीडियम असते. मीडियममध्ये रंगद्रव्य नसते पण बाइंडर असतो, म्हणून ते घातल्याने रंग पातळ होतो तरी फिल्म दुबळी होत नाही. पंखा बंद करूनही चमक लगेच जात असेल, तरच रिटार्डर घालावा, आणि तोही पाच-सहा थेंब रंगाला एका थेंबाहून अधिक नको. रिटार्डर म्हणजे हळू उडून जाणारा द्रव. तो जास्त झाला तर थर दिवसेंदिवस चिकट राहतो, त्यावर बोटांचे ठसे उमटतात आणि पुढचा थर त्याला घेऊन निघून येतो.

रिटार्डर सहज मिळत नाही म्हणून औषधाच्या दुकानातील ग्लिसरीन वापरण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. मे महिन्यात तो यशस्वी झाल्यासारखा वाटतो, कारण रंग खरोखरच जास्त वेळ ओला राहतो. परंतु ग्लिसरीन व्यवहारात उडून जात नाही, ते फिल्ममध्येच राहते आणि हवेतील ओलावा शोषून घेते. जुलै उजाडला की उन्हाळ्यात रंगवलेले ते मॉडेल हाताला चिकट लागू लागते, त्यावर धूळ बसते आणि डिकलही (मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हे) नीट धरत नाहीत. ज्या शहरात कोरड्या उन्हाळ्यानंतर लगेच दमट पावसाळा येतो तिथे हा उपाय अजिबात करू नये.

पॅलेटवरचा रंगही तितक्याच वेगाने घट्ट होत असतो, हे विसरता कामा नये. सुरुवातीला अचूक असलेले प्रमाण पंधरा मिनिटांनी अचूक राहत नाही. त्यासाठी वेट पॅलेट हा उन्हाळ्यातील अनिवार्य उपाय आहे: झाकणाच्या उथळ प्लास्टिकच्या डब्यात ओली टिश्यू किंवा स्पंज, त्यावर बेकरीत केकखाली घालतात तो बटर पेपर, आणि त्या कागदावर रंग. खालचे पाणी कागदातून हळूहळू वर येत राहते आणि रंग तासन्‌तास वापरण्याजोगा राहतो. मात्र स्पंज तुडुंब भिजवला तर रंग आपोआप जास्त पातळ होतो. कागद ओला दिसावा, पण त्यावर पाणी साचलेले नसावे.

ब्रश चालवण्याची रीतही वेळेच्याच हिशेबाने ठरते. मिग-२१ चा पंखविस्तार सुमारे ७.१५ मीटर आहे, म्हणजे १/७२ प्रमाणात अवघा दहा सेंटिमीटर. तरीसुद्धा त्याचा एक त्रिकोणी पंख शून्य नंबरच्या टोकदार ब्रशने रंगवायला घेतला तर शेवटचा पट्टा ओढेपर्यंत पहिला वाळून गेलेला असतो आणि दोहोंच्या सांध्यावर रेघ उमटते. तिथे पाच-सहा मिलिमीटर रुंदीचा चपटा, मऊ ब्रश हवा. एका वेळी एका पॅनल लाइनपासून दुसऱ्या पॅनल लाइनपर्यंतचाच भाग घ्यावा, म्हणजे सांधा आला तरी तो मूळ विमानातल्या पत्र्याच्या सांध्यावर येईल. पट्टे एकाच दिशेने, आधीच्या ओल्या कडेला स्पर्श करत ओढावेत आणि मागे राहिलेल्या जागेकडे परत फिरू नये. ती जागा पुढच्या थराची आहे. दुसरा थर पहिल्याला आडवा द्यावा. शेवटच्या थराची दिशा मात्र विमानाच्या पंखावर पुढून मागे आणि रणगाड्याच्या उभ्या बाजूंवर वरून खाली ठेवावी, म्हणजे उरलीसुरली रेषा वाऱ्याच्या किंवा पावसाच्या ओघळाच्या दिशेने जाते आणि डोळ्यांना खटकत नाही. मोतीबागेतील नॅरो गेज रेल्वे संग्रहालय पाहून वाफेच्या इंजिनाचे मॉडेल करायला घेणाऱ्यांनी बॉयलरवर पट्टे त्याच्या गोलाईने, वरून खाली न्यावेत.

रंग धरत नाही तेव्हा

पट्टा आक्रसून थेंब होत असतील तर आधी प्लास्टिक तपासावे. किटचे भाग साच्यातून सुटावेत म्हणून वापरलेल्या द्रव्याचा अंश त्यांवर राहू शकतो, आणि आपल्या हातांचा घाम व तेल तर उन्हाळ्यात प्रत्येक वेळी लागतेच. भाग स्प्रूवर, म्हणजे ते ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावर, असतानाच भांड्यांचा साबण घातलेल्या कोमट पाण्याने मऊ टूथब्रशने धुवावेत, साध्या पाण्याने खळबळून घ्यावेत आणि सावलीत वाळवावेत. मेच्या उन्हात ठेवलेले पातळ प्लास्टिक वाकडे होते. त्यानंतर प्रायमर. नुसत्या, गुळगुळीत पॉलिस्टायरिनवर पाण्यावर आधारलेला रंग पसरायला नाखूश असतो, कारण पाण्याचा पृष्ठताण जास्त आणि प्लास्टिकची ओढ कमी असते. मॅट प्रायमरचा किंचित खरखरीत पृष्ठभाग ही अडचण बऱ्याच अंशी दूर करतो.

स्प्रे कॅनमधला प्रायमर वापरणाऱ्यांनी ऋतू पाहावा. भर उन्हाळ्यात लांबून फवारलेला प्रायमर हवेतच अर्धवट वाळून दाणेदार बसतो, आणि मग त्यावरचा रंग कितीही चांगला पातळ केला तरी खरखरीत दिसतो. पावसाळ्यात लॅकर (उग्र द्रावकावर आधारलेल्या) प्रायमरवर ओलाव्यामुळे पांढुरकी झाक येते. दोन्ही वेळा दोष रंगाचा समजला जातो.

भाग धुतलेला असून प्रायमरही चांगला बसला असेल आणि तरीही रंग आक्रसत असेल, तरच फ्लो इम्प्रूव्हरचा विचार करावा. ते पाण्याचा पृष्ठताण कमी करते. बाटलीभर पातळ करायच्या पाण्यात त्याचे दोन-तीन थेंब आधीच मिसळून ठेवणे हे प्रत्येक वेळी पॅलेटवर थेंब टाकण्यापेक्षा सुरक्षित असते. ते जास्त झाले तर रंग कडांकडे आणि खाचांकडे धावतो, फेस येतो आणि फिल्म मऊ राहते. शिवाय उंचवटे सपाट करण्याचे काम पृष्ठताणच करत असल्याने तो प्रमाणाबाहेर घटवणे रेषांच्या दृष्टीनेही फायद्याचे नाही. फ्लो इम्प्रूव्हर नसेल तर त्या पाण्यात भांड्यांच्या द्रव साबणाचा अगदी अंशमात्र थेंब चालतो, पण तो तात्पुरता उपाय आहे.

गडद किनार आणि फिका मध्य

पाणी जास्त झाले की रंगद्रव्य पाण्याबरोबर कडेकडे वाहत जाते आणि पाणी उडाल्यावर तिथेच बसते. अशा थरात बाइंडरही विरळ असतो, त्यामुळे मास्किंग टेप काढताना तो निघून येतो. यावर पॅलेटवर मूळ रंगाचा एक थेंब आणि मीडियमचा एक थेंब घालून चाचणी पुन्हा करावी. ब्रशमध्ये रंग घेतल्यावर त्याचा धातूचा भाग जिथे संपतो तिथे टिश्यू क्षणभर टेकवावी, म्हणजे केसांच्या मुळाशी साठलेले पाणी निघून जाते आणि टोकातला रंग तसाच राहतो. ब्रश धुतल्यानंतर राहिलेले हे पाणी पट्ट्याच्या मध्यावर अचानक उतरते आणि प्रमाण बिघडवते.

पाण्याच्या जातीचाही इथेच उल्लेख करतो. शहरात नळाला पेंच प्रकल्पाचे आणि कन्हान नदीचे पाणी येते, पण अनेक इमारतींत बोअरवेलचे पाणी मिसळलेले असते आणि त्यात क्षार जास्त असतात. साध्या थरात त्याचा फरक जाणवत नाही. मात्र खूप पातळ केलेल्या गडद रंगात किंवा वॉशमध्ये (खाचा उठून दिसाव्यात म्हणून लावायच्या अतिपातळ रंगात) वाळल्यावर पांढरट साका दिसतो. बॅटरीच्या दुकानातून आणलेले डिस्टिल्ड वॉटर स्वस्त असते आणि एक बाटली पुष्कळ दिवस पुरते. ते घेताना बाटलीत ॲसिड नसून नुसते पाणीच आहे, याची खात्री मात्र जरूर करावी.

तामिया आणि मिस्टर हॉबी ॲक्वियस

आतापर्यंतचे विवेचन पाण्यावर आधारलेल्या रंगांचे होते. तामियाच्या एक्स व एक्सएफ मालिका आणि मिस्टर हॉबीचे ॲक्वियस रंग हेही ॲक्रिलिक म्हणून विकले जातात आणि पाण्यात मिसळतातही, पण त्यांत अल्कोहोलच्या जातीचे द्रावक असतात आणि त्यांची वागणूक निराळी असते. दोन प्रकारांतील ही सीमारेषा न पाळल्यामुळे होणारे नुकसान सर्वांत वाईट असते. औषधाच्या दुकानातील आयसोप्रोपिल अल्कोहोल तामियाच्या रंगाला पातळ करते, पण तेच वालेहोच्या रंगात घातले तर रंग गुठळ्या होऊन पॅलेटवरच फाटतो. सॅनिटायझर तर दोहोंतही घालू नये, कारण त्यात घट्ट करणारी द्रव्ये आणि बहुधा ग्लिसरीनही असते.

तामियाच्या रंगाचा ब्रशच्या कामातील प्रमुख दोष म्हणजे त्याचा दुसरा थर पहिल्याला विरघळवतो. एक्सएफ मालिकेतील मॅट रंगाचा ताजा थर वरून वाळलेला दिसतो, पण नव्या रंगातील द्रावक लागताच तो मऊ होतो आणि ब्रशबरोबर सरकतो. नुसत्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पातळ केल्यास दोष वाढतो, कारण ते अतिशय वेगाने उडते आणि वेळ आणखी कमी होतो. कंपनीचे एक्स-२०ए थिनर आणि त्यासोबत तामियाचाच ॲक्रिलिक रिटार्डर थोड्या प्रमाणात वापरावा, थरांमध्ये काही तासांचे, शक्यतो एका रात्रीचे अंतर ठेवावे, आणि दुसऱ्या थरात एका जागेवरून ब्रश एकदाच न्यावा. मिस्टर हॉबीच्या लॅकर रंगांचे लेव्हलिंग थिनर तामियाच्या रंगात घातल्यास तो ब्रशने फारच सुंदर पसरतो, हे खरे आहे. परंतु त्याची वाफ उग्र आणि आरोग्याला घातक असते, ते पेट घेणारे असते आणि ते खालचा थरही जास्त मऊ करते. उन्हाळ्यात लूमुळे खिडक्या बंद ठेवलेल्या खोलीत, विशेषतः घरात लहान मुले असताना, ते वापरू नये. ज्यांना हातानेच रंगवायचे आहे त्यांनी मोठ्या पृष्ठभागांसाठी तामियाऐवजी पाण्यावर आधारलेला रंग निवडावा, हे माझे स्पष्ट मत आहे. तामियाचे रंग एअरब्रशमध्ये जितके उत्तम चालतात तितके ब्रशमध्ये चालत नाहीत.

पावसाळ्यातला उलटा प्रश्न

जून संपता संपता सारे चित्र बदलते. हवा इतकी दमट असते की पाणी निघून जायला तयार नसते. रंगाला सपाट व्हायला हवा तेवढा वेळ मिळतो, रेषा जवळजवळ दिसत नाहीत, आणि थर मात्र आतून कच्चा राहतो. वरून हात लावल्यावर कोरडा वाटणाऱ्या थरावर दुसरा थर दिला की तो सोलून निघतो. या दिवसांत रिटार्डर पूर्णपणे बंद करावा, पाण्याचा वाटा कमी करून मीडियमचा वाढवावा, आणि उन्हाळ्यात अर्ध्या तासावर दिलेला दुसरा थर इथे तीन-चार तासांनी द्यावा. रंगवून झाल्यावर पंखा लावायला हरकत नाही. हेअर ड्रायर वापरायचाच असेल तर थंड हवेवर आणि हातभर अंतरावरून.

पांढरा, पिवळा आणि लाल

हे तीन रंग कोणत्याही ऋतूत त्रास देतात आणि त्यामागचे कारण त्यांची झाकण्याची शक्ती कमी असणे हे आहे. ते एका थरात झाकत नाहीत, म्हणून जाड लावले जातात, आणि जाड लावल्यावर रेषा व गोळे उठतात. इथे प्रमाणापेक्षा खालचा रंग महत्त्वाचा. पांढऱ्याखाली फिकट राखाडी, पिवळ्याखाली पांढरा किंवा फिकट गुलाबी, लालाखाली गुलाबी किंवा विटकरी थर दिल्यास तीन-चार पातळ थरांत रंग भरतो. पांढऱ्या रंगाची बाटली नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ हलवावी, कारण त्याचे जड रंगद्रव्य तळाशी घट्ट बसलेले असते आणि न हलवता घेतलेला रंग मुळातच पातळ व दुबळा असतो. हीच गोष्ट मॅट रंगांची: मॅट करणारे द्रव्य खाली बसलेले असेल तर थर कुठे चमकदार आणि कुठे मॅट दिसतो. बाटलीत स्टेनलेस स्टीलचा छोटा गोळा टाकून ठेवावा, आणि हलवल्यानंतर बुडबुडे जाण्यासाठी ती काही मिनिटे स्थिर ठेवून मगच रंग काढावा.

बिघडलेला थर सुधारताना

रेषा पडल्यावर त्यावर लगेच दाट रंगाचा आणखी एक थर देऊन त्या बुजवण्याचा मोह टाळावा. त्या बुजत नाहीत, नक्षीकाम मात्र बुजते. थर दोन दिवस, आणि पावसाळ्यात चार दिवस, पक्का होऊ द्यावा. मग हार्डवेअरच्या दुकानातील २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने रेषांच्या आडव्या दिशेने फिरवावा. रिव्हेट आणि उठावाच्या रेषांपासून दूर राहावे, भाग धुवावा आणि चाचणी-पट्टा ओढून जमवलेल्या रंगाचे दोन थर द्यावेत. घासताना रंगाचे धागे सुटू लागले, तर थर अजून कच्चा आहे असे समजून थांबावे.

थर सोलत असेल किंवा त्याखाली धूळ अडकली असेल तर संपूर्ण रंग काढणे श्रेयस्कर. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भाग बुडवून ठेवल्यास तामिया आणि वालेहो या दोन्ही प्रकारचे ॲक्रिलिक रंग सुटतात आणि पॉलिस्टायरिनला इजा होत नाही. काम खिडकीजवळ, गॅसच्या शेगडीपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून दूर करावे. ॲसिटोन किंवा ते असलेले नेलपॉलिश रिमूव्हर कधीही वापरू नये. ते रंगाबरोबर प्लास्टिकही विरघळवते. कॉकपिटच्या पारदर्शक भागाला मात्र अल्कोहोलमध्येही बुडवू नये. तो कापसाच्या काडीने, थोडा थोडा पुसूनच मोकळा करावा.